पहिल्या तव्याची चव

"खा," गेन्झोसान म्हणाले.

"आधी आत देव्हाऱ्यापुढे ठेवून येते, मग खाते."

"आधी खा."

"नाही खाणार."

गेन्झोसाननी माझ्याकडे पाहिलं, तव्यावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि खालची आच बंद केली. मी जन्मात पहिल्यांदा भाजलेल्या त्या पट्ट्या त्यांनी लाकडी उलथन्यानं गोळा केल्या आणि सरळ कचऱ्यात ओतल्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका! मराठीत दोन-चार शब्द सुनावले. त्यांना ते कळले नाहीत, हे एका परीनं बरंच झालं.

ही गोष्ट क्योतोची. श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या विद्यापीठात चिनीमातीच्या भट्ट्यांवर काम मिळालं होतं. तो सकाळी भट्टीकडे गेला की घरात मी आणि भिंती. एकदा अशीच गल्ल्यांतून भटकत असताना दालचिनीचा वास आला. वेंगुर्ल्याला आमच्या परसात दालचिनीची झाडं होती, साल सोलून लहानपणी माझी बोटं चार-चार दिवस दरवळायची. पाय आपोआप वळले. एका अरुंद दुकानावर विटक्या निळ्या कापडाचा पडदा होता. त्याला तिथे नोरेन म्हणतात. तो दारावर असला की दुकान उघडं, काढून घेतला की बंद. दुकानाचं नाव 'मिनेया'.

"फार जुनं दिसतंय तुमचं दुकान," मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले.

"छे, कसलं जुनं," गल्ल्यामागच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "समोरच्या छत्रीवाल्यांचं जुनं. आमचं माझ्या सासऱ्यांच्या पणज्यांनी काढलं."

या ओकामीसान, म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. विधवा, मूलबाळ नाही, पाठ ताठ, आवाज मऊ. मिनेयात एकच वस्तू विकायची, यात्सुहाशी. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, अगदी आपल्या मोदकाच्या उकडीसारखी, तीत साखर आणि दालचिनी मळायची, पातळ लाटून बोटभर पट्ट्या कापायच्या आणि लोखंडी तव्यावर कुरकुरीत भाजायच्या. गरम आहेत तोवर लाकडी दांड्यावर दाबून त्यांना कौलासारखा बाक द्यायचा. उकड, लाटणं, तवा, सगळं माझ्या ओळखीचं. तव्याशी गेन्झोसान, तिथले जुने कारागीर; खोकी भरायला मात्र माणूस हवंच होतं त्यांना. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे जाऊ लागले.

खोकी भरायला गेले खरी, पण माझा डोळा होता तव्यावर. त्याचं कारण सांगायला हवं. माझे वडील, अप्पा, आमच्या गावच्या देवळात नैवेद्य रांधायचे. देवळाच्या मुदपाकखान्यात बायकांना मज्जाव. मी दाराच्या चौकटीला टेकून बघायची आणि बघून बघून सगळं शिकले, पण चुलीपुढे बसायला कुणी दिलं नाही. अप्पा कधी काही चाखत नसत. देवाच्या आधी माणसाच्या जिभेला लागलं की ते उष्टं. मीठ, गूळ, शिजणं, करपणं, सगळं ते नाकानं ओळखत. मी घरात आमटीत बोट बुडवलं की ओरडायचे, "देवाच्या आधी जिभेक लावलंस तर बघ!" माझ्या अंगात ते इतकं भिनलं होतं की सासरीसुद्धा देवापुढे वाटी ठेवल्याशिवाय मी कधी काही चाखलं नाही.

आणि मिनेयाची रीत नेमकी उलटी. रोज सकाळी पहिला तवा उतरला की भाजणाऱ्यानं त्यातली पहिली पट्टी खायची. ती खाताना ओकामीसान दारात येऊन उभ्या राहायच्या. गेन्झोसान चावायचे, गिळायचे, ठीक म्हणून मान हलवायचे. मगच एक बशी मागच्या खोलीत पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे जायची आणि मगच नोरेन दारावर लागायचा.

वर्षभर मी मागे लागले होते, म्हणून त्या सकाळी गेन्झोसाननी मला तव्यापुढे उभं केलं. आणि मी पहिल्याच पट्टीवर अडून बसले.

"देव्हाऱ्यापुढे उष्टं ठेवू?" मी विचारलं.

"जो स्वतः खात नाही, त्यानं दुसऱ्याला देऊ नये," ते म्हणाले. "या दुकानात तसंच आहे."

"मग राहू दे."

"राहू दे," तेही म्हणाले.

झालं! परत मी खोक्यांपाशी. तेही हट्टी, मीही हट्टी. पुढे कितीतरी महिने आम्ही एकमेकांना फक्त "सुप्रभात" आणि "उद्या भेटू" एवढंच म्हणत होतो. पण मी बघायचं सोडलं नाही. ते उकड किती मळतात, तवा किती तापवतात, सगळं टिपत होते. एक गोष्ट मात्र मला खटकायची. ते पट्ट्या फार घाईनं उतरवत. वास भरात यायच्या आधीच! मला वाटे, म्हातारपणी नाक गेलं असेल यांचं.

हिवाळ्यात बर्फ पडून मागच्या अंगणातल्या फरश्या गुळगुळीत झाल्या आणि गेन्झोसान पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घालून घरी बसवलं.

त्याच आठवड्यात टेकडीवरच्या देवळाच्या संस्थापकांची पुण्यतिथी होती. त्या दिवशी त्यांच्यापुढे मिनेयाची यात्सुहाशी ठेवायची आणि मग ती आलेल्या सगळ्या गल्लीला प्रसाद म्हणून वाटायची, अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. देवळाचे प्रमुख, त्यांना ओशोसान म्हणत, स्वतः चालत येऊन डबा घेऊन जात. दुकानाचा सगळा मान त्या डब्यात होता.

ओकामीसान गल्ल्यामागे बसून नोरेनची घडी घालत होत्या. दुपारची वेळ, दुकान उघडं असायला हवं होतं.

"ओशोसानना निरोप पाठवते," त्या म्हणाल्या. "यंदा जमणार नाही. पुढे दुसरं दुकान बघा म्हणून सांगते."

"पुढे म्हणजे?"

"गेन्झो म्हातारा झाला. मीही. डबा जायचा थांबला की हा पडदा लावून काय करायचं?"

त्या हे अगदी शांतपणे बोलल्या. दुकान बंद होणार होतं. एका मोडक्या मनगटापायी! आणि तवा तिथे आत थंड पडला होता.

"मी करते," मी म्हणाले.

ओकामीसान हसल्या. "तुम्हाला उगाच त्रास."

"मला काही त्रास नाही."

"थंडी फार आहे. पहाटे यायचं म्हणजे..."

"मला थंडी आवडते." साफ खोटं!

"तुमच्या यजमानांची गैरसोय होईल."

"तो सकाळी पावच खातो."

संध्याकाळी श्रीरंगला सगळं सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, तीनदा नाही म्हणाल्या त्या तुला! इथे नाही असंच म्हणतात."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तोंडानं नाही म्हणाल्या नाहीत ना? मग मी जाणार."

पुण्यतिथीच्या दिवशी पहाटे मी मागच्या दारानं गेले. वाटलं होतं, कडी लावलेली असेल. दार नुसतं लोटलेलं होतं. ओकामीसान आत तांदळाचं पीठ काढून बसल्या होत्या.

उकड काढली, मळली, लाटली. मग तव्याशी उभी राहिले. अप्पांच्या पोरीला अखेर चूल मिळाली होती. पट्ट्या तव्यावर टाकल्या, दाबल्या, उलटल्या. वास चढत गेला. गेन्झोसान इथे उतरवत, मी नाही उतरवल्या. आणखी थांबले. आणि मग असा काही घमघमाट सुटला की आमचं परसच तिथे आलं! त्या क्षणी उतरवल्या. रंग बदामी, बाक सुबक, एकही तुटली नाही. तव्यामागून तवा काढत गेले.

ओकामीसान दारात उभ्या होत्या. "पहिली पट्टी?" त्यांनी विचारलं.

"आज तर देवळात जायचंय," मी म्हणाले. "आज तर मुळीच नाही खाणार. रागावू नका. वास बघा ना तुम्ही."

त्या जवळ आल्या. एक पट्टी मोडून नाकाशी धरली, डोळे मिटले. बराच वेळ तशाच होत्या. मग तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"सुरेख," त्या म्हणाल्या.

मी तर हवेतच! ओकामीसाननी सुरेख म्हटलं म्हणजे झालंच. त्यांनी स्वतः लाखेचा काळा डबा पुसला, आम्ही दोघींनी तो भरला, जांभळ्या कापडात बांधला. तोवर ओशोसान आलेही. बाहेर त्यांचा चहा सुरू झाला.

मी तवा पुसत होते तेवढ्यात मागचं दार सरकलं. गेन्झोसान! हात गळ्यात अडकवलेला, डोक्यावर बर्फ.

"घरी बसवेना," ते म्हणाले. मग ताटात उरलेल्या पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "पहिली खाल्ली?"

"नाही. पण ओकामीसाननी खाल्ली. सुरेख म्हणाल्या."

त्यांनी डाव्या हातानं एक पट्टी उचलली. चावली. एकदाच. त्यांचा चेहरा तसाच राहिला, पण जबडा थांबला. मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"खा."

"गेन्झोसान, डबा अजून देवळात गेलेला नाही."

"म्हणूनच खा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विनवणी होती. त्या माणसाला मी कधी कुणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. बाहेरून ओकामीसानचा मऊ आवाज येत होता, "यंदा हात नवा आहे, पण मी स्वतः खाऊन पाहिलंय..."

अप्पा डोळ्यांपुढे आले. 'अप्पा, माफ करा,' म्हणत मी पट्टी तोंडात टाकली.

कडू! साधी कडू नाही, कडूजहर. वास तोंडभर आणि त्याच्या मागून तो कडवटपणा, जिभेवरून हलेना. दालचिनी जळली होती. ज्या क्षणी तिचा वास सगळ्यात सुंदर येतो त्याच क्षणी ती आतून जळते, हे नुसत्या नाकाला कसं कळावं?

"पण ओकामीसान तर..." मी म्हणाले.

गेन्झोसान जमिनीकडे बघत होते. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज सकाळी त्या दारात उभ्या राहायच्या, तेव्हा पट्टीकडे बघत नसत. गेन्झोसानच्या तोंडाकडे बघत.

"किती दिवस झाले?" मी हळूच विचारलं.

"त्यांना घशाचं दुखणं झालं होतं. उपचारांत जीभ गेली. वास येतो, चव नाही. आधी पहिली पट्टी त्याच खायच्या. नंतर मी रीत काढली, भाजणाऱ्यानं खायची. कुणाला कळू नये म्हणून."

कुणाकुणाच्या रिती मी मोडल्या होत्या, आणि कशापायी! बाहेर ओशोसान उठल्याचा आवाज आला. डबा निघाला होता. आत्ता गप्प राहिले तर संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली मिनेयाची कडू यात्सुहाशी खाणार होती, आणि गल्ली तोंडावर काही बोलणार नव्हती, फक्त पुढल्या वर्षी डबा दुसरीकडून येणार होता. बोलले तर ओकामीसान ओशोसानांसमोर खोट्या पडणार होत्या. अप्पांना देवानं कधी कडू झालं म्हणून सांगितलं नाही. इथे खाणारी माणसं होती.

मी बाहेर गेले. डबा ओशोसानांच्या हातात होता, दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत होते. मी मध्ये जाऊन जांभळी गाठ दोन्ही हातांनी धरली.

"डबा परत द्या."

ओशोसान वाकलेले तसेच राहिले. ओकामीसान हसल्या. "मान्दासान पहाटेपासून उभ्या आहेत. दमल्या."

मंदाकिनीचं तिथे मान्दासान झालं होतं.

"मी दमले नाही. तवा कडू झालाय."

"मी स्वतः खाल्लंय," ओकामीसान म्हणाल्या. आवाज तसाच मऊ, पण ओठ पांढरे पडले होते. "उत्तम आहे."

"मी भाजताना खाल्लं नाही, ही माझी चूक. आता खाल्लं. कडू आहे. ओकामीसान, तुम्ही मला उद्या येऊ नका म्हणा, आत्ता हाकलून द्या, पण हा डबा मी जाऊ देणार नाही."

मी गाठ सोडली नाही. ओशोसाननीही डबा सोडला नाही, बिचाऱ्यांना सुचतच नव्हतं काय करावं. आमच्या मागे दारात गेन्झोसान येऊन उभे राहिले. ओकामीसाननी त्यांच्याकडे पाहिलं. रोज सकाळी बघत तशाच. त्यांनी मान हलवली नाही.

तेव्हा त्या ताठ बाई खाली गुडघ्यांवर बसल्या.

"मला चव लागत नाही," त्या ओशोसानना म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. गेन्झो खातो आणि मी त्याचं तोंड बघून दुकान उघडते. आज तो नव्हता. वास इतका छान होता की मला वाटलं, चवही तशीच असेल."

आडवळण नाही, पांघरूण नाही. इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं. गेन्झोसानचं माहीत नाही, ते भिंतीकडे वळले होते.

ओशोसाननी डबा माझ्या हातात दिला आणि परत आपल्या आसनावर बसले.

"चहा फार चांगला होता," ते म्हणाले. "आणखी एक कप मिळेल का? आमचे संस्थापक जाऊन इतका काळ लोटलाय, थोडं आणखी थांबतील."

उकड उरली होती. मी तवा पुन्हा तापवला. गेन्झोसान शेजारी येऊन उभे राहिले, पण कधी उतरवायचं ते सांगेनात. सांगू नकाच, मी म्हणाले. तव्यावर पट्ट्या टाकल्या आणि थोड्या-थोड्या वेळानं एकेक उचलून तोंडात टाकत गेले. कच्ची. कच्ची. पिठूळ. जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी खात गेले. आणि मग एक नेमकी चवीची आली तशी मी थांबले. वास अजून भरात आला नव्हता. सगळ्या पट्ट्या भराभर उतरवल्या, दाबल्या, बाक दिला. नवा तवा टाकला, त्याच क्षणी उतरवला. त्यातली पहिली पट्टी खाल्ली. दुसरी गेन्झोसानना दिली. त्यांनी चावली, गिळली आणि मान हलवली.

डबा पुन्हा भरला. ओशोसान बर्फातून टेकडीकडे गेले. ओकामीसाननी घडी घातलेला नोरेन काढला आणि आम्ही दोघींनी तो दारावर लावला.

आत आल्यावर त्या तव्यापाशी बसल्या. मला वाटलं, आता हाकलतील.

"उद्यापासून लवकर या," त्या म्हणाल्या. "तवा तापायला वेळ लागतो."

मी नुसती मान हलवली.

मग त्यांनी ताटातली एक पट्टी घेतली, मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. उरलेली अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

"सांगा," त्या म्हणाल्या. "कशी लागते?"

"आधी नुसता भाजका तांदूळ लागतो," मी चावत चावत म्हणाले. "मग गोड येतं. एकदम नाही, हळूहळू. दालचिनी सगळ्यात मागून. जिभेच्या कडांना झोंबते."

"दोन्ही कडांना?"

"डावीकडे जास्त."

त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ डावीकडे नेली. डोळे मिटलेले होते. "हो," त्या म्हणाल्या. "तिथेच झोंबायची. आणि गिळल्यावर?"

"घशात ऊब राहते."

"कडू?"

"नाही. जराही नाही."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. गेन्झोसान डाव्या हातानं तवा पुसत होते, तेही थांबले होते. ओकामीसाननी ताटातली दुसरी पट्टी उचलली, मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.